आवड तिची, निवड आमची

जूनच्या सुमारास निकाल लागले की रविवारच्या मिस्सेनंतर आमच्या धर्मग्रामात दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो. मी गणिताची निवृत्त शिक्षिका. मोजण्याची खोड जात नाही. मागच्या बाकावर बसून मी काही वर्षे एकच गोष्ट मोजीत आले आहे. मुलगा व्यासपीठावर आला की पाहुणे विचारतात, "पुढे काय? इंजिनिअरिंग ना?" मुलगी आली की विचारतात, "पुढे काय? नर्सिंग की शिक्षिका?" एका वर्षी गणितात 62 गुण मिळविलेल्या मुलाला पहिला प्रश्न आला आणि त्याच्याच 96 गुणांच्या चुलतबहिणीला दुसरा. सभागृहात कुणाला त्यात काही वावगे वाटले नाही. त्या मुलीलाही नाही. ती हसली आणि "नर्सिंग" म्हणाली.

या उत्तराला आपण "तिची आवड" म्हणतो. माझे भांडण या शब्दाशी आहे.

परिचारिकेचे काम हलके असे मला सुचवायचे नाही. आमच्या समाजाच्या कित्येक घरांच्या चुली त्या कामाने पेटत्या ठेवल्या आहेत. पण ते काम एकदा नीट पाहा. 500 मिलिलिटर सलाईन 8 तासांत द्यायचे आहे, नळीतून मिलिलिटरमागे 20 थेंब पडतात. तर मिनिटाला किती थेंब? रात्री दोन वाजता, पायांत गोळे आलेले असताना, वॉर्डच्या मंद दिव्याखाली जी मुलगी 21 हे उत्तर काढते आणि घड्याळाकडे पाहत नळीची कळ फिरवते, तिच्याविषयी आपण बिनदिक्कत म्हणतो की मुलींच्या जातीला गणित झेपत नाही! हे म्हणणारा गृहस्थ खाटेवर पडला की त्याचा जीव त्याच गणिताला टांगलेला असतो. पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन मुंबई गाठणाऱ्या आमच्या आज्यांनी भाडे, हमाली, उधारी आणि नासलेला माल वजा जाता उरलेली मिळकत तोंडी सांगितली, तीही बोटे न मोडता. तो म्हणे "हिशोब". हिशोब बाईचा आणि गणित पुरुषाचे, ही वाटणी केली कुणी?

विद्वानांनीही केली, हे कबूल केले पाहिजे. दुर्गाबाई भागवतांचे नाव मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. त्यांच्या बहिणीचे मात्र सांगावे लागते. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, यांनी 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची विज्ञानाची पदवी घेतली आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे प्रवेशासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. गुण कमी म्हणून नव्हे, अर्जदार स्त्री म्हणून. कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या बंगळूरला गेल्या आणि कारण विचारू लागल्या. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष परीक्षेचे, कामाविषयी समाधान झाल्याखेरीज त्याला मान्यता नाही, आणि प्रयोगशाळेतल्या पुरुषांचे चित्त विचलित होता कामा नये. पुरुषांच्या चित्ताची जबाबदारीही तिच्यावरच! पुढे याच बाई केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे द्रव्य असते, हे त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखविले, आणि 1939 मध्ये विज्ञानात डॉक्टरेट मिळविणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा लौकिक झाला. अटी घालणाऱ्या संचालकांचेही मत पालटले. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेत अॅना मणी ही केरळच्या सीरियन ख्रिस्ती घराण्यातली मुलगी हिऱ्यांचा प्रकाश अभ्यासू लागली. आठव्या वाढदिवशी चालीप्रमाणे मिळणारी हिऱ्यांची कर्णभूषणे नाकारून तिने ज्ञानकोश मागितला होता. तिच्या प्रबंधाला मद्रास विद्यापीठाने डॉक्टरेट दिली नाही, कारण एम.एस्सी. नव्हती. तीच पुढे पुण्याच्या वेधशाळेत आली आणि हवामान मोजण्याची उपकरणे देशातच घडवू लागली.

"ही असामान्य माणसे हो," असे म्हणून आपण सुटका करून घेतो. असामान्य होत्याच. पण कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. अॅना मणींच्या घरी पुस्तकांचा सुकाळ होता. बुद्धी होतीच, पण तिच्या पाठीशी एक घरही होते.

श्रद्धेच्या आणि मातृत्वाच्या नावाने जे आक्षेप येतात, त्यांचेही ऐकू. बोलोन्याच्या लॉरा बासीला त्या विद्यापीठाने 1732 मध्ये पदवी दिली आणि अध्यापकपदही दिले. शहर पोपच्या सत्तेखालचे, पुढे चौदावे बेनेडिक्ट म्हणून पोप झालेले प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी तिचे पाठीराखे. तिला मुले झाली, संसार झाला, आणि पदार्थविज्ञानाचे धडे ती आपल्या घरीच देत राहिली. 1776 मध्ये ती प्रायोगिक पदार्थविज्ञानाची प्राध्यापक झाली तेव्हा तिचा साहाय्यक कोण होता? तिचा नवरा. मिलानच्या मारिया अॅग्नेसीने 1748 मध्ये कॅल्क्युलसवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याच पोप महोदयांनी 1750 मध्ये बोलोन्याच्या विद्यापीठात तिची नेमणूक केली. ती तेथे गेली नाही, पुढचे सारे आयुष्य गोरगरिबांच्या सेवेत घालविले. (तिच्या ग्रंथातल्या एका वक्ररेषेच्या नावाचा इंग्रज भाषांतरकाराने "चेटकीण" असा भलताच अर्थ लावला, आणि इंग्रजी पुस्तकांत ती रेषा आजही अॅग्नेसीची चेटकीण म्हणून ओळखली जाते. असो.) पण त्याआधी, 1678 मध्ये, पादुआच्या एलेना कोर्नारोला धर्मशास्त्राची पदवी नाकारली गेली होती, आणि ती नाकारणारे त्या नगरीचे बिशप होते. तिला तत्त्वज्ञानाची पदवी देण्यात आली. आपल्या परंपरेत दोन्ही गोष्टी आहेत. घरातल्या मुलीला त्यांतली कुठली सांगायची, हे आपणच ठरवितो.

आजची स्थिती पाहू. 2020-21 च्या सरकारी पाहणीत देशातल्या विज्ञान शाखेच्या उच्च शिक्षणात मुली होत्या 29.5 लाख आणि मुलगे 27.7 लाख. म्हणजे "झेपत नाही" हा मुद्दा निकालात निघाला. आता वरची पायरी बघा. भटनागर पुरस्कार 1958 पासून दिला गेला. 2022 सालच्या पुरस्कारापर्यंत गणितासाठी तो मिळविणाऱ्या स्त्रिया तीन: 1987 मध्ये रामन परिमला, 2004 मध्ये सुजाता रामदोराई, 2019 मध्ये नीना गुप्ता. पैकी पहिल्या दोघींना तो मिळाला तेव्हा त्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होत्या, म्हणजे आपल्या लोकलच्या शेवटच्या स्थानकापासून हाकेच्या अंतरावर. लक्षावधी मुली पदवीपर्यंत येतात आणि तीन जणी तेथवर पोहोचतात. मधल्या वाटेवर काय घडते, ते कुठल्याही घरात विचारा. पदवीनंतरची पाच-सात वर्षे ही संशोधनाची, आणि नेमकी तीच आपल्याकडे मुलीच्या स्थळांची. "एम.एस्सी. झाली, आता पुरे. त्याहून शिकलेला मुलगा कुठून आणायचा?" हे वाक्य मी किती उंबऱ्यांवर ऐकले त्याची मोजदाद मात्र ठेवली नाही. तिच्या भावाला कुणी म्हटले आहे का, की आता पुरे?

आणि मी स्वतः? बत्तीस वर्षे मी फळ्यासमोर उभी होते. अवघड उदाहरण घातले की माझी नजर आपोआप मुलांच्या बाकांकडे वळे. एका वर्षी गणिताच्या स्पर्धा परीक्षेचे सहा अर्ज हाती आले आणि सहाही मी मुलांना दिले. त्या वर्गात एक मुलगी होती. भूमितीची सिद्धता ती पुस्तकाहून निराळ्या, आखूड वाटेने करी. तिच्या वहीवर मी लिहिले होते: "अक्षर सुंदर."

मागच्या नाताळात ती मला बाजारात भेटली. सोबत सातवीतला मुलगा होता, खोडकर डोळ्यांचा. म्हणाली, "टीचर, याला गणितात गोडी नाही. तुम्ही शिकवणी घ्याल का?"

मी म्हटले, "अगं, तूच का नाही शिकवीत?"

"मी?" ती हसली. "मला कुठे जमतं गणित, टीचर!"