पेरो यांची ओहोटी

अमेरिकेच्या दोन प्रस्थापित पक्षांबाहेरून अध्यक्षपद लढवणाऱ्यांना सहसा कोणी मोजत नाही. टेक्सासचे अब्जाधीश उद्योगपती रॉस पेरो यांना मात्र १९९२ मध्ये १८.९ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी ९७ लाख मते मिळाली. १९९६ मध्ये ती ८.४ टक्क्यांवर घसरली. या ओहोटीची मीमांसा कार्यकर्त्यांना उद्बोधक ठरावी.

पेरो यांच्या पदरात दोन गुण निःसंशय घालावे लागतात. अंदाजपत्रकी तुटीसारखा रुक्ष विषय त्यांनी दूरदर्शनवर अर्धा-अर्धा तास तक्ते दाखवून सामान्य मतदारासमोर मांडला. त्याला अडाणी मानले नाही. दुसरे म्हणजे, मेक्सिकोशी मुक्त व्यापार झाल्यास कारखाने स्वस्त मजुरीकडे जातील, हा इशारा त्यांनी दिला. बुश आणि क्लिंटन हे दोन्ही प्रतिस्पर्धी या कराराच्या बाजूने होते. १९९४ मध्ये करार अमलात आला, आणि अनेक औद्योगिक गावांना त्याची झळ पोहोचली.

निदान बरेचसे अचूक होते; औषधाचे तसे म्हणता येत नाही. श्रीमंतांवरील प्राप्तिकर वाढवण्याची सूचना त्यांच्या योजनेत होती, हे मान्य केले पाहिजे. पण पेट्रोलवर पाच वर्षांत गॅलनमागे ५० सेंट कर वाढवण्याचीही होती, आणि तिचा भार मोटारीने कामावर जाणाऱ्या कामगारावर अधिक पडला असता. शिवाय १९९२ मध्ये बेकारी साडेसात टक्के असताना तूट घाईने कमी करणे म्हणजे मागणी आणखी आटवणे होय. सरकार कंपनीसारखे चालवावे, असा पेरो यांचा आग्रह असे. त्यांच्या स्वतःच्या कंपनीच्या भरभराटीत मात्र सरकारी आरोग्य योजनांच्या कंत्राटांचा मोठा वाटा होता!

सर्वांत मोठा दोष संघटनेचा. हजारो स्वयंसेवक उमेदवारीसाठी सह्या गोळा करत असताना जुलै १९९२ मध्ये त्यांनी माघार घेतली आणि ऑक्टोबरमध्ये ते परतले. दोन्ही निर्णय एका माणसाचे. १९९५ मध्ये त्यांनी रिफॉर्म पक्ष काढला, तोही त्यांच्याच नावावर व पैशावर उभा होता. १९९६ च्या वादसभांतून त्यांना वगळले गेले, हा अन्यायच. जवळजवळ सर्व राज्यांत विजेत्याला सगळे निर्वाचक देणारी पद्धतीही तशीच अन्यायकारक. तिच्यामुळे १९९२ मध्ये त्यांना ५३८ पैकी एकही निर्वाचक मिळाला नव्हता. पण अशा अन्यायांशी चिवटपणे झुंजायला गावोगाव शाखा लागतात. त्या नव्हत्या. १९९६ पर्यंत बेकारी व तूट दोन्ही उतरली होती, आणि मतदारही ओसरला.

पेरो २०१९ मध्ये निवर्तले. त्याआधीच, २०१६ मध्ये, व्यापार करारांवरील रोषाचा लाभ ट्रम्प यांनी उठवला होता. उमेदवार मावळला तरी त्याने वाचा फोडलेला असंतोष मावळत नाही. समतावादी संघटनेने तो वेळीच हाती घेतला नाही, तर दुसरे कोणी तो आपल्या कामी लावते.