इटलीचे तारे आणि बेंगळुरूचे बिनपगारी खेळाडू

बेंगळुरू : 2006 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इटलीसाठी गोल करणारे मार्को मातेराझ्झी 2014 साली इंडियन सुपर लीगमध्ये चेन्नईच्या संघाचे खेळाडू-प्रशिक्षक झाले. 2016 मध्ये त्यांचेच सहकारी जियानलुका झांब्रोता दिल्लीच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून आले. या नावांभोवती भांडवली प्रसारमाध्यमांनी भक्तीचे वलय उभे केले आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून ते घरोघर पोहोचले.

मातेराझ्झी यांच्या कर्तृत्वाविषयी वाद नाही. 2015 मध्ये तळाशी गेलेला संघ त्यांनी वर आणला आणि फातोर्ड्याच्या मैदानावर गोव्याला 3-2 असे नमवून विजेतेपद मिळवले. केवळ परदेशी म्हणून त्यांना विरोध करणे हा संकुचित राष्ट्रवाद ठरेल. आंतरराष्ट्रीयवादी कामगार चळवळीला तो शोभणारा नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे : या लोकप्रियतेचा व्यापार कोण करतो आणि तिची किंमत कोण मोजतो?

त्याचे उत्तर बेंगळुरू शहर देते. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध स्वतंत्र भारताचा पहिला ऑलिंपिक गोल करणारे सारंगपाणी रामन याच शहराचे. पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज यांसारख्या सार्वजनिक उद्योगांनी फुटबॉल संघ पोसले. तेथील खेळाडू हा कारखान्याचा कर्मचारी होता. बूट उतरवल्यानंतरही त्याची चूल पेटत असे. 1980-81 मध्ये दीर्घ संप लढवून देशाला हादरवणारा कामगार याच उद्योगांतला. उदारीकरणाने या उद्योगांची उपेक्षा केली, तशी त्यांच्या मैदानांचीही. 2012 मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा संघ आय-लीगमधून खाली उतरला. पुढच्याच वर्षी जिंदाल उद्योगसमूहाने बेंगळुरू एफसी स्थापन केला.

दरम्यान 2010 मध्ये राष्ट्रीय महासंघाने 15 वर्षांसाठी 700 कोटी रुपयांच्या मोबदल्यात फुटबॉलचे व्यापारी हक्क रिलायन्सच्या भागीदारीतील कंपनीच्या हवाली केले होते. कराराची मुदत संपत आली, नूतनीकरण रखडले आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने आपल्या पहिल्या संघाच्या खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे वेतन अनिश्चित काळासाठी स्थगित केले. सुगीत नफा मालकाचा आणि दुष्काळात उपास मजुराचा, हाच तो जुना न्याय! ताऱ्यांचा झगमगाट या वेळी कोणाच्याही कामी आला नाही.

2023 च्या मार्चमध्ये कर्नाटकाने रियाध येथे मेघालयाला 3-2 असे हरवून 54 वर्षांनी संतोष करंडक जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक रवी बाबू राजू यांचे नाव किती बेंगळुरूकरांना ठाऊक आहे? मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या खालिद जमील यांनी 2017 मध्ये तुटपुंज्या साधनांच्या ऐझॉलला आय-लीगचे अजिंक्यपद मिळवून दिले. तरीही राष्ट्रीय संघाची धुरा त्यांच्याकडे येण्यास 2025 साल उजाडावे लागले. बाजाराला जे विकता येत नाही, ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे : खेळाडू हा कामगार आहे. त्याला वेतनाची कायदेशीर हमी व संघटनेचा अधिकार मिळालाच पाहिजे. सार्वजनिक उद्योगांतील क्रीडाभरती पुन्हा सुरू झाली पाहिजे. कामगार वसाहतींची मैदाने बिल्डरांच्या घशातून वाचवली पाहिजेत. कामगार संघटनांनी आणि युवक आघाड्यांनी हा प्रश्न करमणुकीचा म्हणून बाजूला न सारता आपल्या मागणीपत्रकात घेतला पाहिजे. ज्यांच्या घामावर खेळ उभा आहे, त्यांच्याच हाती तो आला पाहिजे!