मुखपृष्ठावर पहिला मान कोणाचा?

पाणी, जमीन, जंगल आणि खनिजे या साधनसंपत्तीची माहिती एकेका प्रदेशापुरती एकत्र करून एकाच संकेतस्थळावर सर्वांना खुली करावी, ही कल्पना चांगली आहे. तिला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु अशा संकेतस्थळाच्या मुखपृष्ठाची रचना हा तंत्रज्ञांचा आणि रंगसंगती ठरवणाऱ्यांचा प्रांत आहे असे मानून आपण बाजूला होतो, हे योग्य नव्हे. दफ्तर कोणासाठी उघडायचे आणि त्याचे पहिले पान कोणासमोर धरायचे, हा सत्तेचा प्रश्न आहे. कुलकर्ण्याच्या दफ्तरापासून महाराष्ट्रातला शेतकरी तो ओळखून आहे.

शासकीय संकेतस्थळे उघडून पाहावीत. अनेकांच्या दर्शनी भागात सत्ताधाऱ्यांची छायाचित्रे, योजनांची जाहिरात आणि निविदांच्या सूचना आढळतात. ज्याला निविदा भरायची आहे त्याची वाट सोपी. ज्याच्या विहिरीचे पाणी खाली गेले आहे त्याला मात्र कोणते खाते कोणाच्या अखत्यारीत हे पाठ असावे लागते. मराठी निवडावी तर पुष्कळदा मथळे तेवढे मराठीत येतात, आतले तक्ते इंग्रजीतच राहतात. वास्तविक २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे चौथे कलम असे सांगते की, माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता आपण होऊन प्रसिद्ध करावी आणि तसे करताना स्थानिक भाषा व त्या भागातील सर्वांत परिणामकारक साधन यांचा विचार करावा.

गोदावरी खोऱ्याचे उदाहरण घेऊ. ‘जायकवाडी इतके टक्के भरले’ ही बातमी पावसाळ्यात रोज वाचायला मिळते. पण टक्क्याने सामान्य माणसाला काहीच उलगडत नाही. या धरणाचा जिवंत साठा सुमारे २,१७१ दशलक्ष घनमीटर आहे. म्हणजे दहा टक्के पाणी सुमारे २१७ दशलक्ष घनमीटर झाले. जलजीवन मिशनने धरलेल्या माणशी रोज ५५ लिटर या दराने, बाष्पीभवन व गळती सोडून, हे पाणी सुमारे एक कोटी आठ लाख माणसांना वर्षभर पुरेल. २०११ च्या जनगणनेतील मराठवाड्याच्या लोकसंख्येच्या निम्म्याहून ही संख्या अधिक आहे. हा हिशेब मांडला की ‘दहा टक्के कमीजास्त’ या शब्दांचे वजन कळते.

२००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातील धरणांमध्ये पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व स्वीकारले. त्यानुसार २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला, आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के जिवंत साठा आहे की नाही यावर नाशिक व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न येऊन ठेपला. एका तारखेच्या एका आकड्यावरून वरचा शेतकरी आणि खालचा शेतकरी एकमेकांसमोर उभे राहिले. त्या दोघांपुढे सहजी न येणारा आकडा मात्र तिसराच असतो: कोणत्या कारखान्याला, कोणत्या शहराला, कोणत्या पिकाला किती पाणी मंजूर झाले आणि प्रत्यक्षात किती उचलले गेले. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. आणि त्याच उन्हाळ्यात मराठवाड्यातील मद्य कारखान्यांच्या पाण्याला कात्री लावण्यासाठी उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. अर्थशास्त्रात आम्ही शिकवत आलो की ज्याच्या हाती माहिती, त्याच्या हाती सौद्याची शक्ती. तो धडा येथे शब्दशः लागू पडतो.

म्हणून मुखपृष्ठावर प्रथम एकच रिकामी चौकट असावी: आपल्या गावाचे नाव लिहा. नाव लिहिताच तीन प्रश्नांची उत्तरे त्याच पानावर यावीत. येथे किती आहे? ते कोण घेतो? आणि हे कोणी, कोणत्या तारखेच्या आदेशाने ठरवले? पाण्याला हे प्रश्न लागू आहेत, तसेच नदीतील वाळूला, वनातील बांबूला आणि खाणपट्ट्यालाही आहेत. शेजारच्या गोव्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नूतनीकरण झालेले ८८ खाणपट्टे रद्द केले. तिसरा प्रश्न गावकऱ्याला पहिल्या दिवसापासून विचारता आला असता, तर तो न्यायालयात पोचेपर्यंत डोंगर शिल्लक राहिला असता.

आणखी काही गोष्टी आवश्यक आहेत. प्रत्येक आकड्याखाली तो कधी आणि कोणत्या कार्यालयाने मोजला हे लिहिलेले असावे. भूजल पातळी फुटांतही द्यावी, कारण विहिरीवर उभा असलेला माणूस फुटांत बोलतो. पान साध्या मोबाइलवर, अशक्त जोडणीवरही उघडावे आणि छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता यावे. आकडा चुकीचा वाटला तर ग्रामसभेला हरकत नोंदवता यावी, आणि ती हरकत त्या आकड्याशेजारीच सर्वांना दिसावी.

यावर एक आक्षेप असा की, एवढी माहिती दिल्यास लोकांचा गोंधळ उडेल. पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये दिलेला अहवाल केंद्र शासनाने प्रसिद्ध केला तो माहिती आयोगाच्या आदेशानंतर, मे २०१२ मध्ये. त्या विलंबाने गोंधळ कमी झाला नाही. अफवांना मोकळे रान मिळाले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोणत्या जंगलात कोणती औषधी वनस्पती आहे हे जगाला सांगितले, तर व्यापारी गावकऱ्याच्या आधी तेथे पोचेल. हा धोका खरा आहे. तेव्हा शासनाने आणि कंपन्यांनी काय घेतले ते पूर्णपणे खुले असावे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावांनी नोंदवलेले लोकांचे ज्ञान मात्र त्या गावाच्या संमतीशिवाय मांडू नये. सत्ता उघडी आणि दुबळा झाकलेला, हा क्रम उलटू देता कामा नये.

केवळ संकेतस्थळाने तहान भागत नाही, हे उघड आहे. नायगावात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने जमिनीच्या प्रमाणात नव्हे तर माणशी पाणी वाटले आणि भूमिहीनालाही वाटा दिला. हिवरे बाजारने पावसाच्या नोंदीवरून गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडला. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने वनहक्क मिळवून आपल्या बांबूचा व्यवहार हाती घेतला. या सर्व ठिकाणी माहिती कामी आली, कारण ती सभेत मांडली गेली आणि सभेला निर्णयाचा अधिकार होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते सामाईक संपत्ती लोक स्वतः सांभाळू शकतात हे दाखवल्याबद्दल. त्यांनी एक महत्त्वाची अट सांगितली होती: देखरेख करणारे हे वापर करणाऱ्यांपैकीच असावेत, किंवा त्यांना उत्तरदायी असावेत.

कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. आपल्या विभागासाठी असे संकेतस्थळ होऊ घातले असेल, तर त्याच्या मुखपृष्ठाचा मसुदा कंत्राट देण्यापूर्वी ग्रामसभांपुढे ठेवावा, अशी मागणी करावी. मसुद्यात गावाचे नाव लिहिण्याची जागा कोठे आहे ते प्रथम पाहावे. ती सापडली नाही, तर ते पान परत पाठवावे.