मुरघास : कृतीबरोबर कारणही शिकवावे

चारा टिकवण्याचा उपाय म्हणून मुरघास आता देशाच्या बहुतेक दूध उत्पादक पट्ट्यांत परिचित झाला आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ मधील सुधारित स्वरूपात मुरघास निर्मितीच्या उद्योगासाठी ५० टक्के, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदानाची तरतूद आहे. गावोगावी प्रात्यक्षिके होतात आणि त्यांत सांगितली जाणारी कृतीही सर्वांना पाठ आहे : मका चिकात आली की कापावी, बारीक कुट्टी करावी, थर दाबत भरावेत, ताडपत्रीने झाकावे आणि साधारण ४५ दिवसांनी उघडावे.

ही कृती अचूक आहे. तरीही ती पाळल्याचे समाधान असताना काही खड्डे काळवंडतात, काही पिशव्यांतील चाऱ्याला खवट वास येतो आणि जनावर तोंड फिरवते. अशा वेळी दोष बियाण्याला, पिशवीला किंवा कल्चरला दिला जातो. माझ्या मते खरी उणीव विस्तारकार्यातच आहे. मुरघास कसा करावा हे आपण सांगतो. हवा नसताना पेशी काय करते हे सांगत नाही. कारण उमगल्यावाचून कोणत्या चुकीची किती किंमत मोजावी लागते, हे शेतकऱ्याला ठरवता येत नाही.

हवेविना जगण्याचा हिशेब

प्रत्येक सजीव पेशी शर्करेतून ऊर्जा मिळवते. पहिल्या टप्प्यात ग्लुकोजचा एक रेणू दुभंगून पायरुविक आम्लाचे दोन रेणू तयार होतात आणि पेशीच्या हाती एटीपी या ऊर्जावाहक संयुगाचे निव्वळ दोन रेणू पडतात. या कामी प्राणवायू लागत नाही. मात्र शर्करेतून सुटलेला हायड्रोजन कोणाकडे तरी सोपवावा लागतो. प्राणवायू असेल तर तो हायड्रोजन स्वीकारतो, शर्करेचे पूर्ण ज्वलन होऊन कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते आणि एका ग्लुकोजमागे एकूण ३० ते ३२ एटीपी मिळतात. प्राणवायू नसेल तर हायड्रोजन पायरुविक आम्लावरच परत लादला जातो आणि त्याचे लॅक्टिक आम्ल बनते. याच मार्गाला किण्वन म्हणतात.

लुई पाश्चरने १८५७ मध्ये लॅक्टिक किण्वनामागे सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले आणि पुढे किण्वनाला हवेविना जीवन म्हटले. एडुआर्ड बुखनरने १८९७ मध्ये यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसानेही किण्वन होते हे सिद्ध केले. पेशीतील विकरे हे काम करतात हे त्यातून कळले आणि १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला लाभले.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या हिशेबातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट जिवाणूच्या पदरी पडणारा वाटा ही आहे. श्वसनातील तिसाच्या जागी किण्वनात केवळ दोन एटीपी मिळतात. उरलेली ऊर्जा नष्ट होत नाही. ती लॅक्टिक आम्लातच राहते. ग्लुकोजमधील ९५ टक्क्यांहून अधिक ऊर्जा या आम्लात शिल्लक असते आणि वजनही घटत नाही, कारण ग्लुकोजच्या एका रेणूचे लॅक्टिक आम्लाचे नेमके दोन रेणू होतात. जिवाणू अल्पसंतुष्ट असतो म्हणून गाईच्या वाट्याला भरपूर उरते. मुरघासाचे सारे अर्थशास्त्र या एका वाक्यात आहे.

हवा शिरली की काय जळते

कापलेली मका लगेच मरत नाही. तिच्या पेशी कुट्टीत प्राणवायू शिल्लक असेपर्यंत श्वसन करत राहतात आणि जिवाणूंना हवी असलेली शर्करा जाळून टाकतात. भरणी एका दिवसात उरकावी, कुट्टी एक ते दोन सेंटिमीटरची असावी, एका घनमीटरात ६०० ते ७०० किलो हिरवा चारा बसेल इतके दाबावे, या साऱ्या सूचनांचे मूळ येथे आहे. खड्ड्यात हात घातल्यावर चटका लागण्याइतकी ऊब जाणवली, तर ती गाईच्या गव्हाणीतून निसटणारी ऊर्जा आहे, हे प्रात्यक्षिकात स्पष्ट सांगितले पाहिजे.

हवा संपली तरी धोका सरत नाही. किण्वन करणारे सर्व जीव सारखे नसतात. यीस्ट ग्लुकोजपासून अल्कोहोल बनवते, त्यात शर्करेचे सुमारे ४९ टक्के वजन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने उडून जाते. क्लॉस्ट्रिडियम गटातील जिवाणू तर तयार झालेले लॅक्टिक आम्लच खाऊन ब्युटिरिक आम्ल करतात; खवट वास त्याचा. ओलावा अधिक आणि आम्लता कमी असेल तर ते माजतात. म्हणून मक्यात शुष्क पदार्थ ३० ते ३५ टक्के असताना कापणी करावी आणि सामू लवकरात लवकर ४ च्या आसपास उतरावा, अशी अपेक्षा असते.

खड्डा उघडल्यावर हवेची पाळी पुन्हा येते. लॅक्टिक आम्लावर जगू शकणारे यीस्ट प्राणवायू मिळताच जागे होतात, सामू चढतो, चारा तापतो आणि मागोमाग बुरशी येते. महिनाभर जपलेला चारा काही दिवसांत बिघडू शकतो. रोज संपूर्ण दर्शनी भागावरून निदान १५ ते २० सेंटिमीटरचा थर काढावा या सूचनेचे कारण हेच. ज्याच्याकडे दोनच गाई आहेत त्याने रुंद खड्डा घेऊ नये. अरुंद खड्डा किंवा लहान पिशव्या त्याला परवडतात, हा निष्कर्षही यातूनच निघतो.

नुकसानीचा अंदाज साधा आहे. एक टन हिरव्या मक्यात ३३ टक्क्यांनी ३३० किलो शुष्क पदार्थ येतो. त्यातला दहावा भाग हवेने खाल्ला तर ३३ किलो जातो. दिवसाला ११ किलो शुष्क पदार्थ खाणाऱ्या गाईचे ते तीन दिवसांचे अन्न आहे. ताडपत्रीला पडलेले भोक वेळीच न बुजवण्याची किंमत इतकी ठोस असते.

कारण कळले की कृती बदलता येते

शेतकऱ्याला रसायनशास्त्र कशाला, कृती दिली की पुरे, असा आक्षेप अनेक अनुभवी सहकारी घेतात. शिफारस सुटसुटीत असावी हा त्यांचा आग्रह योग्य आहे. परंतु कृती मक्यासाठी लिहिलेली असते आणि शेतात नेहमी मकाच असते असे नाही. संकरित नेपियरमध्ये पाणी अधिक व शर्करा कमी. लसूणघासात शर्करा कमी आणि आम्लतेला दाद न देणारी खनिजे व प्रथिने अधिक. नेपियर सुकवून का घ्यावे, उसाची मळी का मिसळावी, लसूणघास मक्याबरोबर का भरावा, याचे उत्तर पाठ केलेल्या कृतीत सापडत नाही. कल्चरचेही तसेच. त्यातील जिवाणूंना शर्करा आणि निर्वात जागा मिळाली तरच ते काम करतात; सैल भरलेल्या खड्ड्याला पुडी वाचवू शकत नाही.

हेच तत्त्व जाणणारा शेतकरी इतरत्रही डोळसपणे पाहतो. गाईच्या कोठीपोटात असाच निर्वात कारभार चालतो. तेथील सूक्ष्मजीवांनी टाकून दिलेल्या मेदाम्लांवर गाईची सुमारे ७० टक्के ऊर्जेची गरज भागते. याउलट पाणी तुंबलेल्या सोयाबीनच्या मुळांना किण्वनाचा तोच तुटपुंजा पगार मिळतो. तेथे मात्र उपाशी राहते ती आपल्याच पिकाची पेशी. पाने पिवळी पडली म्हणून खत टाकण्याआधी चर काढून पाणी का वाहू द्यावे, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. २००९ मध्ये भारतात प्रसारित झालेले स्वर्णा-सब १ हे भात बुडाल्यावर वाढ रोखून शर्करा वाचवते आणि सुमारे दोन आठवडे तग धरते. तोही याच हिशेबाचा उपयोग आहे.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांना माझी सूचना तीन गोष्टींची आहे. भरणीच्या प्रात्यक्षिकाइतकेच महत्त्व खड्डा उघडण्याच्या दिवसाला द्यावे. वास, रंग, ऊब आणि सामू दर्शवणारी कागदी पट्टी यांच्या साहाय्याने शेतकऱ्यांनी स्वतः परीक्षा करावी. एक चांगला आणि एक बिघडलेला नमुना शेजारी ठेवून बिघाडाचे कारण त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे. आणि कामगिरीच्या अहवालात किती टन मुरघास भरला याबरोबर किती टन सुस्थितीत गव्हाणीपर्यंत पोहोचला, हाही रकाना असावा.

यंत्र, पिशवी आणि अनुदान यांनी मुरघास गावात आणला. तो दरवर्षी, स्वतःच्या भरवशावर आणि बदलत्या चाऱ्यातून करता यावा, यासाठी हवेचा हिशेब शेतकऱ्याच्या हाती दिला पाहिजे. तो देण्यास फळ्यावरची दोन आकड्यांची मांडणी पुरते : हवा असेल तर तीस, नसेल तर दोन, आणि मधला फरक गाईचा.