मपेट्सचे पुनरागमन : बाहुले कोणाचे, हात कोणाचा?

लहानपणीची आवडती पात्रे पुन्हा पडद्यावर आणणे हॉलिवूडला नवे नाही. जुने नाव आणि आता स्वतः आई-वडील झालेला जुना प्रेक्षक एवढे भांडवल हाताशी असले, की तिकीटबारीची निम्मी चिंता मिटते. नोव्हेंबर २०११मध्ये डिस्नेने प्रदर्शित केलेल्या ‘द मपेट्स’ने मात्र वेगळाच प्रश्न उभा केला. बाहुले विकत घेता येते. त्याचा प्राणही त्या व्यवहारात मिळतो काय?

जिम हेन्सन यांनी १९५५मध्ये आईच्या जुन्या कोटाचे कापड आणि टेबल टेनिसच्या चेंडूची दोन अर्धी शकले यांतून कर्मिट घडवला. तेव्हा तो बेडूकही नव्हता. पुढे १९७६ ते १९८१ या काळात इंग्लंडमध्ये चित्रित झालेल्या ‘द मपेट शो’च्या १२० भागांनी तो, मिस पिगी आणि फॉझी अस्वल जगभर पोहोचले. मे १९९०मध्ये, वयाच्या अवघ्या ५३व्या वर्षी हेन्सन यांचे निधन झाले. डिस्नेशी तेव्हा सुरू असलेली विक्रीची बोलणी त्यानंतर फिसकटली. मध्ये एका जर्मन कंपनीची मालकीही येऊन गेली. अखेर २००४मध्ये मपेट्स डिस्नेकडे आले.

जेसन सीगल आणि निकोलस स्टॉलर यांच्या पटकथेची खुबी अशी, की तिने विस्मृतीलाच कथानक केले. मपेट्सचे नाट्यगृह मोडकळीस आले आहे, मंडळी पांगली आहेत आणि एक तेलसम्राट जुन्या कराराच्या जोरावर वास्तूच नव्हे, तर त्यांचे नावही बळकावू पाहत आहे. हे सारे सांगणारी कंपनी स्वतः कराराने मालक झालेली, हा विनोद बहुधा लेखकांनाही जाणवला असावा! संगणकीय करामतींच्या त्या दिवसांतही बाहुली हातांनीच नाचवण्यात आली. सुमारे साडेचार कोटी डॉलरच्या या चित्रपटाने जगभरात सोळा कोटींहून अधिक कमाई केली. ब्रेट मॅकेन्झी यांच्या गीताला ऑस्करही लाभले.

तरीही एक महत्त्वाचा कलावंत या सोहळ्यात नव्हता. मिस पिगी आणि फॉझी यांना घडवणारे फ्रँक ऑझ यांना पटकथा रुचली नाही. पात्रांचा मान तीत राखला गेलेला नाही, असे त्यांचे मत होते. ही तक्रार केवळ रुसवा म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्याकडे अर्धवटराव हे बाहुले य. के. पाध्ये यांच्याकडून पुत्र रामदास पाध्ये यांच्याकडे गेले, तेव्हा बाहुल्यासोबत विद्याही घरातच राहिली. मपेट्सच्या बाबतीत हक्क कंपनीकडे आले आणि विद्या कलावंतांकडेच राहिली.

त्यामुळेच २०११चे यश टिकले नाही. २०१४चा ‘मपेट्स मोस्ट वाँटेड’ जेमतेम आठ कोटी डॉलरवर थांबला आणि २०१५मध्ये एबीसीवर आलेली मालिका एका हंगामात गुंडाळण्यात आली. हेन्सन यांच्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ कर्मिटला आवाज देणारे स्टीव्ह व्हिटमायर यांना डिस्नेने २०१६मध्ये दूर केले. २०१७पासून तो बेडूक मॅट व्होगेल यांच्या हातात आहे.