चित्रातले कापड आणि थानातले कापड

रमजानच्या हंगामातील गोष्ट आहे. नांदेडच्या आमच्या दुकानातून लातूरच्या एका भगिनीस ड्रेस मटेरियलचे पार्सल गेले आणि आठव्या दिवशी परत आले. आत चिठ्ठी होती. फोटोत काठ चार बोटांचा आहे, कपड्याला दोन बोटांचा आहे. फोटोत बुट्टे विणलेले दिसतात, कपड्यावर छापलेले आहेत. तरी पैसे परत करावेत. आम्ही मोबाइलवर ते चित्र उघडून पाहिले आणि भगिनींचे म्हणणे अक्षरशः खरे असल्याचे आम्हास मान्य करावे लागले.

चित्र आमच्या पुतण्याने तयार केले होते. त्याने थानाचा एक साधा फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रास दिला आणि हे कापड एका मुलीच्या अंगावर दाखव, असे लिहिले. यंत्राने मुलगी काढली, मागे हवेली काढली, झुंबर काढले आणि जाता जाता काठही रुंद करून टाकला. काठ रुंद कर असे त्यास कोणी सांगितलेच नव्हते! पुतण्याच्या मनात फसवणूक नव्हती, त्याने निरखून पाहिले नाही एवढाच त्याचा दोष. परंतु पार्सलचे जाण्यायेण्याचे भाडे आमच्या खात्यात पडलेच, आणि लातूरच्या त्या घरात आमच्या दुकानाचे जे नाव व्हायचे ते झाले.

वाचकांस आठवत असेल की सप्टेंबर 2025 मध्ये गूगलच्या जेमिनीतील ‘नॅनो बनाना’ नावाच्या सोयीने लाखो स्त्रियांनी स्वतःचे जुन्या सिनेमातल्यासारखे साडीतले फोटो करून घेतले. लोकांनी ती एक मौज म्हणून पाहिली. कापडाच्या धंद्यातील माणसास मात्र त्यात दुसरेच काही दिसले. त्या साड्या कोणत्याच मागावर विणल्या गेल्या नव्हत्या, तरी पदराचा झोक, निऱ्यांची घडी, शिफॉनचा हलकेपणा सारे डोळ्यास पटणारे होते. तेव्हाच आम्ही घरी म्हणालो होतो की ही सोय आता आमच्या गल्लीत यायला वेळ लागणार नाही. आणि तसेच झाले. आज ठोक व्यापाऱ्याकडून व्हॉट्सअॅपवर जी चित्रे येतात त्यातील कोणते चित्र कॅमेऱ्याने घेतलेले आणि कोणते यंत्राने रचलेले, हे तीस वर्षे कापड हाताळलेल्या आम्हासही एका नजरेत सांगता येत नाही. मग परभणीच्या किंवा उदगीरच्या घरात बसून खरेदी करणाऱ्या भगिनीने ते कसे ओळखावे?

लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. तेथे आलेले गिऱ्हाईक एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाते, कापड चिमटीत धरते, चुरगाळून पाहते, आणि रंगाविषयी शंका आली की दुकानदारास म्हणते, जरा बाहेर उजेडात दाखवा. आमच्या इतवाऱ्यातही हीच रीत आहे. दुकानातील ट्यूबलाइटखाली मोरपंखी दिसणारे कापड दारात नेले की हिरवे निघते, हे बायकांना पक्के ठाऊक असते. मोबाइलवर खरेदी करणाऱ्यास ना चिमूट आहे, ना दार. त्याच्याजवळ फक्त चित्र आहे. म्हणून त्या चित्रावर व्यापाऱ्याची जबाबदारी दुकानातील बोलण्यापेक्षा जास्त आहे, कमी नाही.

आमच्या वडिलांच्या वेळी सुरत, मालेगाव, इचलकरंजीचे एजंट नमुन्यांची वही घेऊन येत. प्रत्येक पानावर खऱ्या थानातून कापलेला तुकडा चिकटवलेला असे. खाली नंबर, पन्हा आणि भाव. आम्ही तुकड्याचा धागा ओढून पाहत असू, कोपरा ओला करून रंग जातो काय ते पाहत असू, आणि मग ऑर्डर लिहून देत असू. गठ्ठा आल्यावर थान त्या तुकड्याशी ताडून पाहायचे, जुळले नाही तर परत. ही केवळ बाजाराची रीत नव्हती, कायदाही तेच सांगत होता आणि आजही सांगतो. माल विक्री कायदा 1930 चा आहे. त्याच्या कलम 17 प्रमाणे नमुन्यावरून विक्री झाली असेल तर सर्व माल नमुन्याच्या प्रतीचा असला पाहिजे आणि खरेदीदारास तो ताडून पाहण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे. कलम 15 वर्णनावरून होणाऱ्या विक्रीस लागू आहे. नमुना आणि वर्णन दोन्ही दिले असेल तर माल दोहोंशी जुळला पाहिजे.

आता विचार करा, यंत्राने काढलेले चित्र कशाचा नमुना आहे? त्या चित्रामागे थानच नाही. यंत्राने हजारो साड्यांची चित्रे पाहून साडी साधारण कशी दिसते याचा अंदाज बांधला आणि तो अंदाज रंगवून दिला. आमच्या मते सर्व घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

सरकारने या विषयाकडे दुर्लक्ष केले आहे असे मात्र म्हणता येणार नाही. माहिती तंत्रज्ञानाच्या 2021 च्या नियमांत दुरुस्ती करून 10 फेब्रुवारी 2026 रोजी नवे नियम जाहीर करण्यात आले आणि ते 20 फेब्रुवारीपासून लागू झाले. यंत्राने बनवलेल्या व खऱ्यासारख्या भासणाऱ्या मजकुरावर ठळक खूण असावी, असे त्यात बंधन आहे. ऑक्टोबर 2025 च्या मसुद्यात ही खूण चित्राच्या निदान 10 टक्के जागेवर असावी असे होते. अंतिम नियमात ती अट काढून टाकण्यात आली. रंग दुरुस्त करणे, चित्राचा आकार कमी करणे यासारखी नेहमीची कामे सद्हेतूने केली आणि त्यामुळे मूळ आशय बदलला नाही, तर त्यास हा नियम लागत नाही. हे योग्यच झाले, नाहीतर अंधाऱ्या दुकानातील फोटो थोडा उजळ करणाऱ्यासही गुन्हेगार ठरवले गेले असते.

परंतु आम्ही हे नियम वाचले तेव्हा एक गोष्ट खटकली. व्याख्येत भर आहे तो खऱ्या वाटणाऱ्या व्यक्तीवर आणि खऱ्या वाटणाऱ्या घटनेवर. खोटी बातमी, खोटे भाषण, एखाद्या भगिनीची बदनामी करणारे चित्र, यांना आवर घालण्यासाठी हे नियम आले आहेत आणि त्यांची गरज होतीच. पण आमच्या वाचनाप्रमाणे त्यांची नजर साडी नेसलेल्या बाईवर आहे, साडीवर नाही. मेजावर घडी करून ठेवलेली साडी यंत्राने काढली, त्यात माणूसच नाही, तर ते चित्र या व्याख्येत येते की नाही यावर वकील दिवसभर वाद घालू शकतील.

आणि समजा खूण लावली. ‘हे चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केले आहे’ असे कोपऱ्यात लिहिले. त्याने लातूरच्या त्या भगिनीचा काठ चार बोटांचा झाला असता काय? चित्र कोणी काढले हे तिने विचारलेच नव्हते. कापड तसेच आहे काय, एवढाच तिचा प्रश्न होता. उलट आम्हास भीती वाटते की ही खूण उद्या काही व्यापाऱ्यांची ढाल होईल. तक्रार आली की ते म्हणतील, आम्ही तर आधीच लिहून दिले होते की चित्र यंत्राचे आहे.

या भीतीवर खरे उत्तर जुन्या नियमांत आहे आणि आमच्या अनेक व्यापारी बांधवांना त्याची माहिती नाही, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. 23 जुलै 2020 रोजी ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम निघाले. त्यातील पाचव्या नियमाप्रमाणे ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपनीने प्रत्येक विक्रेत्याकडून हमी घ्यावयाची असते की मालाचे वर्णन, चित्रे आणि इतर मजकूर अचूक आहे आणि तो मालाचे रूप, स्वरूप, प्रत यांच्याशी थेट जुळतो. ‘चित्रे’ हा शब्द त्यात स्पष्ट आहे. नोंदणी करताना आपण जी लांबलचक इंग्रजी पाने न वाचता मान्य करून टाकतो त्यात ही हमी असते! सहाव्या नियमाप्रमाणे जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील तर विक्रेत्यास माल परत घेण्यास नकार देता येत नाही. चित्र कॅमेऱ्याचे आहे की यंत्राचे, हा प्रश्नच येथे येत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ठोक व्यापाऱ्याने पाठवलेले चित्र आपण जसेच्या तसे पुढे टाकले, तरी हमी आपली आहे, त्याची नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहकास स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी त्यास शुल्कही पडत नाही. म्हणजे नांदेडच्या दुकानदारास आठशे रुपयांच्या साडीसाठी कोल्हापूरची तारीख लागू शकते. व्हॉट्सअॅपवर आलेले चित्र पुढे ढकलण्यापूर्वी एवढे आठवले तरी पुरे.

हे सर्व वाचून कोणी असे समजू नये की आम्ही या यंत्राच्या विरोधात आहोत. मुळीच नाही. ऑक्टोबर 2023 पासून राज्याच्या आतच विक्री करणाऱ्या आणि ठरावीक मर्यादेच्या आत उलाढाल असणाऱ्या लहान विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवाय ऑनलाइन बाजारात माल विकण्याची मुभा मिळाली आहे. आमच्या वस्त्यांत घरी बसून बुरखे, अबाया, दुपट्टे शिवणाऱ्या कितीतरी भगिनी आहेत. त्यांच्याजवळ फोटोग्राफरला द्यायला पैसे नाहीत, मॉडेलला द्यायला तर नाहीतच, आणि स्वतःच्या मुलीचा फोटो हजार अनोळखी लोकांसमोर ठेवणे त्यांना मंजूर नाही. आजपर्यंत त्या खुंटीला अडकवलेल्या बुरख्याचा फोटो टाकत आणि तो कोणी उघडूनही पाहत नसे. यंत्राने त्यांना परकी, अस्तित्वातच नसलेली एक बाई दिली, जिच्या अंगावर बुरख्याचा घेर दिसतो. यात कोणाचे नुकसान झाले? मोठ्या कंपन्या शहरात स्टुडिओ उभारतात, लहानाला हा आधार मिळाला. तो काढून घेणारा नियम आम्हास नको आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की रेषा बाई आणि कापड यांच्या मधून ओढावी. बाई खोटी चालेल, हवेली खोटी चालेल, झुंबर चालेल. कापड खोटे चालणार नाही. काठ, पदर, बुट्टी, रंग, पोत, जरीची चमक यांना यंत्राने हात लावला की ते चित्र बाद. आणि हे तपासायचे कसे? त्यास सोपा उपाय आहे, तो आमच्याच धंद्यातला आहे. येवल्याची हातमागाची पैठणी ओळखायची तर जाणकार तिचा पदर उलटा करून पाहतो. हातमागाची असेल तर उलटी बाजू सुलट बाजूसारखीच स्वच्छ असते. यंत्रमागाच्या नकलेत मागे धाग्यांचे जाळे किंवा कापलेली टोके दिसतात. जाहिरातीच्या चित्रात उलटी बाजू कोणी दाखवत नाही. ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपन्यांनी कपड्याच्या प्रत्येक नोंदीत कॅमेऱ्याने घेतलेला उलट्या बाजूचा एक फोटो आणि काठावर टेप ठेवून दिवसाच्या उजेडात घेतलेला एक फोटो सक्तीचा करावा. पुढे सजवलेले चित्र कितीही असोत. जिला पाहायचे ती भगिनी शेवटचे दोन फोटो पाहील.

आपल्या वाचकांना यात काही नवे वाटू नये. जनावर बाजारात नेण्यापूर्वी दोन-तीन दिवस दूध न काढता कास फुगवून ठेवणे, यास ‘तसरिया’ म्हणतात आणि नबी करीम (स.) यांनी त्यास मनाई केली आहे. जनावर खरे, दूधही खरे, फक्त दिसणे खोटे. न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर ठेवायचा की परत करायचा याचा अधिकार, ‘खियार-ए-रूयत’, हनफी फिकहने खरेदीदारास शेकडो वर्षांपूर्वी दिला. ऑनलाइन बाजाराची ‘रिटर्न पॉलिसी’ पाहून ज्यांना हा नव्या जमान्याचा जुलूम वाटतो, त्यांनी एकदा आपल्या गल्लीतील आलिमसाहेबांकडे बसावे.

अर्थात यंत्र ग्राहकाच्या हातीही आहे. चांगल्या कापडाच्या फोटोवर यंत्राने भोक किंवा डाग काढून पैसे परत मागण्याचे प्रकार धंद्यात ऐकू येऊ लागले आहेत. म्हणून पार्सल बांधताना कापड उलगडून, पावती शेजारी ठेवून छोटा व्हिडिओ घेण्याची सवय आम्ही दुकानात लावली आहे. दोन मिनिटे जातात.

त्या ड्रेस मटेरियलचे चित्र आम्ही काढून टाकले. आता तेथे दुकानाच्या ओट्यावर पसरलेल्या कापडाचा फोटो आहे, काठावर टेप आहे, कापड छापील आहे असे मराठीत व उर्दूत लिहिले आहे. ऑर्डरी कमी झाल्या हे खरे. परत येणारी पार्सलेही कमी झाली. पुतण्या अजून कुरकुर करतो की समोरचे दुकान हवेली दाखवते आणि आपण ओटा दाखवतो, गिऱ्हाईक थांबणार कसे? त्याचे म्हणणे खोटे नाही. एकट्या दुकानदाराने खरे चित्र लावले तर तो मागे पडतो. म्हणून नांदेड आणि लातूरच्या कापड व्यापाऱ्यांच्या संघटनांनी एकत्र बसून उलट्या बाजूच्या फोटोची मागणी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे लेखी पाठवावी. दिवाळीच्या मालाची चित्रे येण्यास सुरुवात होण्यापूर्वी हे पत्र गेले तर बरे.