संदर्भसूचीचें सोंग

गेल्या उन्हाळ्यांत फुलसावंगीस आमच्या आप्तांच्या घरीं एक मुलगी मानसशास्त्राचा प्रबंध पुरा करीत बसली होती. विषय कापूस पिकविणाऱ्या कुटुंबांतील मनस्तापाचा. मार्गदर्शकांनीं तिचें हस्तलिखित तिसऱ्यांदा परत पाठविलें होतें आणि तिन्ही वेळां शेरा एकच: संदर्भसूची नियमास धरून नाहीं. कोठें स्वल्पविरामाच्या जागीं पूर्णविराम पडला होता, कोठें नियतकालिकाचें नांव तिरप्या टंकांत नव्हतें, कोठें खंडाचा अंक सरळ आणि भागाचा तिरपा असा उलटा प्रकार झाला होता. नोंदी एकंदर १४०. “यांतलीं किती पुस्तकें-निबंध तूं उघडून पाहिलेस?” असें मीं विचारलें. मुलगी प्रामाणिक, बराच वेळ आठवून तिनें २२ सांगितले. हा प्रश्न तिला तोंवर कोणींही विचारला नव्हता.

या गोष्टीचा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाहीं.

नियमांशीं माझें भांडण नाहीं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या नांवानें आज जी नियमावली चालते तिचा उगम १९२९ सालीं ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’ या मासिकांत आलेल्या अवघ्या सातेक पानांच्या सूचनांत आहे. लेखक आपापल्या मर्जीप्रमाणें आधार देत आणि संपादकांचा जीव मेटाकुटीस येई, म्हणून चार शहाण्यांनीं एक रीत ठरविली, इतकेंच. २०१९ सालीं तिची सातवी आवृत्ति निघाली ती ४०० हून अधिक पानांची. वाढ झाली असेल. पण मूळ हेतु सरळ आहे. लेखकानें जें पाहिलें तें वाचकालाही शोधून पाहतां यावें. म्हणूनच तींत एक नियम असा आहे कीं, मूळ ग्रंथ न पाहतां दुसऱ्याच्या ग्रंथावरून त्याचा उल्लेख केला असेल तर लेखांत तसें कबूल करावें आणि सूचींत स्वतः वाचलेल्या ग्रंथाचीच नोंद करावी. साऱ्या नियमावलींत मला हाच नियम अधिक मोलाचा वाटतो. आमच्याकडे सर्रास मोडला जातो तोही हाच, कारण तो मोडल्याचें कागदावर दिसत नाहीं. स्वल्पविराम चुकलेला दिसतो.

उदाहरण घ्या. गरजांची उतरंड दाखविणारा मॅस्लोचा त्रिकोण कोणत्या प्रबंधांत नसतो? त्याखालीं १९४३ सालच्या ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’ मधील निबंधाचा हवाला असतो. खंड ५०, पृष्ठें ३७० ते ३९६, सर्व कांहीं बिनचूक. परंतु त्या निबंधांत त्रिकोण नाहींच! तो पुढें इतरांनीं काढला. एकानें एकदां हवाला जोडला आणि मागल्यांनीं तो उतरून घेतला. या उतरण्याचें मापही लोकांनीं काढलेलें आहे. सिमकिन व रॉयचौधुरी या कॅलिफोर्नियांतील दोघां संशोधकांनीं या शतकाच्या आरंभीं पदार्थविज्ञानांतील एक गाजलेला निबंध घेतला. त्याचा उल्लेख सुमारें ४,३०० ठिकाणीं झाला होता. पैकीं १९६ ठिकाणीं तपशील चुकलेला. पण निरनिराळ्या चुका भरल्या त्या अवघ्या ४५, आणि एक चूक तर ७८ ठिकाणीं तीच ती! शेजाऱ्याच्या पाटीवरचें गणित चुकीसकट उतरविणारा पोरगा मास्तरांच्या हातीं सांपडतो तसेच हे विद्वान् सांपडले. उल्लेख करणाऱ्यांपैकीं शेंकडा २० जणांनींच मूळ वाचलें असावें, असा त्या दोघांचा अंदाज.

आमच्या विद्यापीठांत याला आळा घालणारें यंत्र बसविलें आहे असें कोणी म्हणेल. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम मीं वाचले आहेत. साम्य शेंकडा १० पर्यंत असेल तर शिक्षा नाहीं, ६० च्या वर गेलें तर नोंदणीच रद्द. ठीक आहे. पण हें साम्य मोजतांना संदर्भ आणि ग्रंथसूची वगळावयाची असते. त्यास कारणही योग्य आहे, कारण एकाच ग्रंथाची नोंद दोघांनीं सारखीच करावयाची. मात्र परिणाम असा कीं, प्रबंधाच्या ज्या भागाची उचलेगिरी सर्वांत सोपी, त्याच भागावर यंत्राचा डोळा नाहीं. आतां तर मागतां क्षणीं संदर्भ रचून देणारीं यंत्रें घरोघर आलीं आहेत. न झालेल्या लेखकाचा न लिहिलेला निबंध तीं निर्दोष स्वल्पविरामांसह हातीं ठेवतात. ज्या मार्गदर्शकास केवळ विरामचिन्हें तपासण्याची संवय, त्याला हा निबंध खोटा असल्याचें कळावें कसें?

आणि आमच्या मराठी आधारांचें काय होतें? मराठी पुस्तकाचें नांव रोमन लिपींत लिहावें, पुढें चौकोनी कंसांत इंग्रजी अर्थ द्यावा, असा नियम. मुलगी कंटाळली आणि तिनें चार मराठी पुस्तकें गाळलीं; इंग्रजी नोंद तयार मिळते! सातव्या आवृत्तीनें प्रकाशनाचें गांव देण्याची चालही सोडली. न्यूयॉर्कच्या प्रकाशकास गांव नसलें तरी चालेल. पण पुसद किंवा यवतमाळ येथें छापलेल्या पुस्तकाचा माग काढावयाचा तर कित्येकदां गांवावांचून दुसरा धागाच नसतो. फुलसावंगीच्या आसमंतांत राठोड, चव्हाण, पवार हीं आडनांवें घरोघरीं. आडनांव आणि एक आद्याक्षर एवढ्यावर तीन निरनिराळ्या राठोडांचें लेखन एकाच्या नांवावर जमा व्हावयास कितीसा वेळ?

हा आधार देण्याचा सोस साहेबाकडून आला, आपल्याला तो हवा कशाला, असें म्हणणाऱ्यांचीही मला कींव येते. तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं वऱ्हाडांतच, रिद्धपुरास, लीळाचरित्र सिद्ध केलें तें चक्रधरांस पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना विचारून आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन. पुढच्या पोथ्यांत एखाद्या लीळेचा पाठ दुसऱ्या परंपरेंत वेगळा असला तर त्या परंपरेचें नांव घेऊन तो नोंदलेला आढळतो. यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनीं याच महानुभावीय वाङ्मयावर परिश्रम केले. कोणी सांगितलें, कोठें सांगितलें, हें विचारणें आमच्या मातींतलें आहे.

आतां त्या मुलीच्या विषयाकडे येतों. फुलसावंगी ज्या महागांव तालुक्यांत आहे त्याच तालुक्यांतील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनीं १९ मार्च १९८६ रोजीं पत्नी व चार मुलांसह जीवन संपविलें. त्यानंतर या जिल्ह्याच्या दुःखावर लिहिणारे पुष्कळ झाले. या मुलीनेंही मनाची उदासी मोजण्यासाठीं बेक यांची १९६१ सालची २१ कलमांची प्रश्नावली वापरली आणि सूचींत त्या इंग्रजी निबंधाची नोंद केली. पण समोर बसलेल्या बाईनें इंग्रजी प्रश्नाचें उत्तर दिलें नव्हतें. तिच्या कानीं पडले ते मराठी शब्द, आणि बंजारा घरांत तर तेही गोरमाटींत फिरवून. हें भाषांतर कोणाचें, केव्हांचें, पारखलें कोणी? १४० नोंदींत त्याची एक नोंद नव्हती. ज्या शब्दांवर सारें माप उभें, तेच बेवारस! उद्यां या आकड्यांवरून कोणी एखाद्या गांवीं समुपदेशक नेमील किंवा नेमणार नाहीं, म्हणून ही हयगय मला क्षुल्लक वाटत नाहीं.

मुलीनें महिनाभर खपून न वाचलेले निबंध मिळतील तेवढे वाचले, न मिळाले ते काढून टाकले, त्रिकोण पुसला, मराठी पुस्तकें पुनः घातलीं आणि भाषांतर करणाऱ्या बाईंचें नांव शोधून लिहिलें. नोंदी उरल्या ५८. हस्तलिखित चौथ्यांदा परत आलें आहे. विरामचिन्हांविषयीं या खेपेस तक्रार नाहीं. समासांत लाल शाईनें एवढेंच लिहिलें आहे कीं, संदर्भ कमी वाटतात, निदान शंभर तरी करावे.